कपडेघरातली हवा

माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, पण काम एकच: लोकांची लघवी वेळेवर गोळा करणं.

आमच्या कारखान्यात डोंगरातून आलेला दगड फोडतात, दळतात, आणि त्यातून असा पदार्थ काढतात की त्याचं नाव घेतलं तर समोरचा माणूस खुर्ची जरा मागे घेतो. दगड फोडला की धूळ होते. ही धूळ नाकातून छातीत जाते आणि तिथे बसून गपगुमान किरणं सोडत राहते. तिला ना वास, ना चव, ना घाई. त्यातली थोडी रक्तात उतरते आणि लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून एखाद्याच्या आत किती धूळ गेली हे त्याला विचारून उपयोग नसतो, त्याच्या लघवीला विचारावं लागतं. माणसं खोटं बोलतात. लघवीला ते अजून जमलेलं नाही.

पद्धत अशी. सुटीच्या आदल्या दिवशी मी प्रत्येकाला एक बाटली देतो. ती त्याने घरी न्यायची, सुटी संपल्यावर सकाळी अंघोळ करून, कामाच्या कपड्यांना हात लावायच्या आधी भरायची आणि मला आणून द्यायची. कारखान्यात भरली तर हातावरची धूळ बाटलीत पडते आणि माणसाच्या आतलं कळायच्या ऐवजी नखातलं कळतं. याशिवाय दगड फोडणाऱ्या क्रशरवरच्या प्रत्येकाने कॉलरजवळ एक छोटा पंप लावायचा. तो दिवसभर भुंग्यासारखा गुणगुणत माणसाच्या तोंडासमोरची हवा ओढतो आणि तिच्यातली धूळ बटणाएवढ्या फिल्टरवर जमवतो. पंप सांगतो की आत किती जात असेल, बाटली सांगते की किती गेलंय. दोघांची साक्ष जुळली की मी घरी जायला मोकळा.

इतक्या निरुपद्रवी माणसाचा कुणी राग करेल असं वाटत नाही. पण मला कारखान्यात शूसाहेब म्हणतात, आणि तेही चांगल्या मूडमध्ये असतील तेव्हा. माझ्या सायकलीच्या चाकात हवा असणं हा योगायोग समजावा. एकदा कुणीतरी बाटलीत चहा भरून दिला. प्रयोगशाळेने अतिशय गांभीर्याने कळवलं की सदर कामगाराच्या शरीरातून दूध येत आहे, तरी लक्ष द्यावं.

रागाचं कारण बाग. ज्याचा आकडा मर्यादेच्या वर जातो त्याला धुळीपासून लांब म्हणून कारखान्याच्या बागेत पाठवतात, झाडांना पाणी घालायला. सुरक्षा अधिकारी, म्हणजे आमचे साहेब, म्हणतात की ही शिक्षा नव्हे, विश्रांती आहे. पण आयुष्यभर क्रशरवर काढलेल्या माणसाच्या हातात झारी दिली की त्याची बायकोसुद्धा त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघते. अशा माणसाला इतर लोक मोगरा म्हणतात. माणूस बागेतून परत येतो, मोगरा मात्र चिकटतो.

आणि हे मोगरे करतो मी. निदान सगळ्यांची समजूत तशी होती.

घरी बरं होतं असंही नाही. कारखान्याची घरं जुन्या नोकरदारांना मिळतात, मी नवा, म्हणून लग्न झाल्यावर सासूबाईंच्या घरी राहायला गेलो. घरजावई या शब्दात घर आणि जावई असे दोघेच आहेत. प्रत्यक्षात मधोमध सासूबाई होत्या. जावयाला दहावा ग्रह म्हणतात. त्यांना हा ग्रह स्वयंपाकघरात, न्हाणीघराच्या दारात आणि एकुलत्या एका आरामखुर्चीत दिसायचा, आणि दर वेळी त्या अशा दचकायच्या की जणू ग्रहाने आधी कळवायला हवं होतं. माझ्याशी त्या अहोजाहो करत. त्यांच्या तोंडून 'जावईबापू' ऐकलं की कुणीतरी आपल्याला चिमट्यात धरून उचलतंय असं वाटायचं.

सासूबाई कारखान्याच्या कपडेघरात होत्या. तिथे सगळे त्यांना काकू म्हणत. पाळी संपली की कामगार एका खिडकीतून आपले अंगभर कामाचे बॉयलर सूट आत टाकत, अंघोळ करत आणि दुसऱ्या दाराने स्वच्छ होऊन घरी जात. दोन्हींच्या मध्ये जमिनीवर एक हिरवी रेष होती. रेषेच्या पलीकडे अस्वच्छ बाजू, अलीकडे स्वच्छ बाजू. कपडेघर अलीकडे होतं. म्हणून सासूबाई स्वच्छ बाजूच्या कर्मचारी ठरत होत्या, आणि स्वच्छ बाजूच्या लोकांना ना पंप, ना बाटली.

ही रेष कुणी मारली ते माहीत नाही. धुळीला ती दाखवली होती का, तेही माहीत नाही.

तर त्या वर्षी क्रशरवाल्यांचे फिल्टर बिघडले. म्हणजे फिल्टर ठणठणीत होते, आकडे बिघडले. पूर्वी कधी नव्हती एवढी धूळ त्यांच्यावर यायला लागली. बाटल्या मात्र शांत. पंप बोंब मारतोय की हा माणूस धुळीत बुडालाय, आणि बाटली म्हणते की कोण, हा? हा तर धुतल्या तांदळासारखा आहे. साक्ष काही केल्या जुळेना.

साहेबांच्या मते कामगार मुद्दाम फिल्टरला धूळ फासत होते. कामगारांच्या मते मी फासत होतो. मी दोन्ही बाजूंना सांगून पाहिलं की मला स्वतःचे बूट पुसायचा कंटाळा आहे, मी इतरांच्या फिल्टरवर कष्ट कशाला घेईन. कुणाला पटलं नाही. साहेबांनी सावधगिरी म्हणून क्रशरच्या मुकादमालाच बागेत पाठवलं.

मुकादम म्हणजे आवाजाने दगड फोडणारा माणूस. त्याला झारी न देता रबरी पाइप दिला होता, मानाने. मी बागेजवळून चाललो होतो, तर त्याने पाइप माझ्याकडे वळवला आणि मी पूर्ण भिजेपर्यंत शांतपणे धरून ठेवला. मग म्हणाला, "शूसाहेब, एक सांग. जो पंप मी अंगावर घातलाच नाही, तो मला बागेत कसा धाडतो?"

म्हणाला आणि त्याचं त्यालाच कळलं. पाइप खाली गेला. शेजारच्या रोपाचा त्या दिवशी जीव गेला असेल, इतकं पाणी त्याला मिळालं.

मी विचारलं, मग पंप असतो कुठे. त्याने माझ्या खानदानाबद्दल काही माहिती दिली, जी मला नवीन होती, पण पंपाबद्दल एक अक्षर बोलला नाही. तेव्हा मी कानांवर भरवसा ठेवला. पंप गुणगुणतात. क्रशर बंद असताना, जेवणाच्या सुटीत, मी ओल्या कपड्यांनिशी कारखाना पालथा घातला, आणि गुणगुण ऐकत ऐकत ज्यांच्या दारात पोचलो त्यांच्यासमोर जायची माझी घरीही हिंमत नसायची.

कपडेघराच्या भिंतीवर ओळीने खिळे ठोकले होते. प्रत्येक खिळ्यावर एक पंप. सगळे मिळून पोळ्यासारखे घुमत होते.

सासूबाईंनी मला पाहिलं आणि सांगितलं की पाय पुसा. मग सांगितलं की पंपांना हात लावायचा नाही. क्रशरवरच्या मुलांच्या हनुवटीला ते लागतात, वाकता येत नाही, आणि वर आकडे आले की बाग. म्हणून त्यांनीच खिळे ठोकून दिले होते. साऱ्या कारखान्यात साबणाचा वास येणारी ही एकच खोली. इथली हवा ओढली तर पंपाचंही भलं आणि मुलांचंही. यात लबाडी आहे असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ती माया होती. ही माया मिळवायला क्रशरवर काम करावं लागतं, जावई होऊन चालत नाही.

एवढं बोलून त्यांनी ढिगातला एक बॉयलर सूट उचलला, खांद्यांना धरला आणि झटकला.

सासूबाईंचं झटकणं पाहण्यासारखं असतं. खिशात राहिलेल्या एका पान्याने पूर्वी धुण्याच्या यंत्राचं पोट फाडलं होतं, तेव्हापासून प्रत्येक कपडा झटकून, खिसे उलटे करून मगच यंत्रात, असा त्यांचा कायदा. पण पाना हे निमित्त होतं. न झटकता कपडा पाण्यात घालणारी बाई म्हणजे त्यांच्या लेखी वाया गेलेली बाई. त्या घरी चादरीही अशाच झटकायच्या, आणि त्या चादरीत मी झोपलेला असेन तर तो माझा प्रश्न. हात वर, क्षणभर थांबणं, आणि चाबकासारखा आवाज. मग दुसरा सूट. मग तिसरा. उंचावर एक झरोका होता, त्याला काच बसवलेली, साबणाची पूड उडू नये म्हणून तो कायमचा बंद. त्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा खोलीत आला होता, आणि दर झटक्याला तो पट्टा भरीव होत होता. इतका भरीव, की त्यावर कपडे वाळत घालता आले असते.

क्रशरवर पाण्याचे फवारे असतात. धूळ ओढणारे पंखे असतात. लोक मास्क लावतात. इथे फवारा नाही, पंखा नाही, मास्क नाही. आणि त्या पट्ट्याच्या मधोमध तोंड उघडं ठेवून माझ्या सासूबाई मला सुनावत होत्या.

पंप खोटं बोलत नव्हते. ते फक्त दुसऱ्याच माणसाबद्दल बोलत होते.

मी साहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं, कपडे वाळेपर्यंत सांगितलं. साहेबांनी मला नकाशा दाखवला. नकाशावर हिरवी रेष होती आणि कपडेघर रेषेच्या अलीकडे होतं. तिथे धूळ असूच शकत नाही, कारण तिथे धूळ असती तर रेष तिथे नसती. मी म्हटलं, फिल्टर बघा. ते म्हणाले, फिल्टर क्रशरवाल्यांच्या नावावर आहेत. मी म्हटलं, मग सासूबाईंना एक बाटली द्या, छातीत बसलेल्या धुळीची मोजणी करा. ते म्हणाले, यादीत नाव नसलेल्याला बाटली देता येत नाही. आणि एकदा दिली, की इतकी वर्षं का दिली नाही हे कुणीतरी विचारणार, आणि ज्याला विचारणार तो मी नसून ते आहेत.

मग त्यांचा आवाज एकदम गोड झाला, आणि साहेबांचा गोड आवाज मी पहिल्यांदाच ऐकत असल्याने घाबरलो. ते म्हणाले, येत्या सोमवारी कपडेघर धुऊन, रंगवून, पंखा बसवून घेऊ. काकूंना दुसरीकडे बसवू. झालं गेलं विसरून जाऊ. राहता राहिले ते खिळे. ते काकूंनी ठोकले, हे लक्षात ठेवलं तर बरं, नाही का.

लघवीतली धूळ काही आठवड्यांत ओसरत जाते. खोली धुतली, महिना-दीड महिना घालवला, की बाटलीही गप्प होणार. छातीत काय बसलंय ते विचारायला कुणाकडे कारण उरणार नाही. मी जाता जाता विचारलं, त्यांनी स्वतः येऊन बाटली मागितली तर. साहेब हसले. स्वतः मागितली तर कर्मचाऱ्याचा हक्कच आहे तो, म्हणाले. तुमच्या सासूबाई मागतील?

त्यांनी सासूबाईंना ओळखलं होतं.

ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात. त्या रात्री जेवताना मी भांडंच पुढे केलं. म्हणजे शब्दशः, रिकामी बाटली खिशात होती ती पानाशेजारी ठेवली आणि म्हटलं, आई, सोमवारच्या आत साहेबांकडे जाऊन अशी एक मागा.

घास तोंडाशी थांबणं हे मी ऐकून होतो, त्या दिवशी दोन घास एकदम थांबलेले पाहिले. बायकोने हळूच विचारलं, "तू आईकडे लघवी मागतोयस?" मी म्हटलं, मी नाही, कारखाना. ती म्हणाली की कारखाना आमच्या पानावर बसलेला नाही. मग मी धूळ, पट्टा, झरोका, पंप, सगळं नीट सांगितलं. एरवी मी नीट बोलत नाही, त्यामुळे बायको जरा गंभीर झाली. सासूबाई झाल्या नाहीत. त्यांनी यातून एकच गोष्ट ऐकली होती.

"म्हणजे मी घाणेरडी," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं तसं नाही. त्या म्हणाल्या, तसंच आहे. आपण आयुष्यभर लोकांची घाण काढली, आपल्या खोलीत जमिनीवर जेवावं इतकी स्वच्छता, आणि ज्याला स्वतःचा टॉवेल दांडीवर टाकता येत नाही तो माणूस आपल्या पोटात घाण आहे म्हणतो. हे सगळं त्या बायकोला सांगत होत्या. माझ्याशी बोलणं बंद झालं होतं आणि आता 'त्यांना सांग' सुरू झालं होतं. त्यांना सांग मीठ तिकडे आहे. त्यांना सांग दार लावून घ्या. त्यांना सांग आमच्या घराण्यात असली मागणी आजवर कुणी केली नाही. हे शेवटचं मात्र मला मान्य होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला कळलं होतं की शूसाहेबाने सासूलाही सोडलं नाही. खिळे गेले तर पंप परत हनुवटीला येणार, म्हणून क्रशरवाले आधीच पेटलेले, त्यात हे. मुकादम बागेतून मुद्दाम आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की काकूंची खोली बंद पडली, तर तुला दगडांबरोबर क्रशरच्या सरकत्या पट्ट्यावर टाकू आणि पलीकडे तुझी भुकटी मिळाली की तिचाही फिल्टर काढू. मला हे तांत्रिकदृष्ट्या रस घेण्यासारखं वाटलं.

शनिवारी बायकोने आईला काय सांगितलं मला माहीत नाही. दार बंद होतं आणि दोघी आळीपाळीने रडत की भांडत होत्या. दार उघडलं तेव्हा सासूबाई थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. 'त्यांना सांग' संपलं होतं.

"मी बाटली मागते," त्या म्हणाल्या. "स्वच्छ निघाली, तर तुम्ही हे घर सोडायचं. एकटे."

"आणि नाही निघाली तर?"

"तर मी ती खोली सोडेन."

बायको जमिनीकडे बघत होती. मी हो म्हटलं. मग रात्रभर... नाही, रात्री झोप लागली, पण रविवारी दिवसभर माझ्या लक्षात येत राहिलं की प्रार्थना करायची तर नक्की कशाची. सासूबाई निरोगी निघाल्या तर मी बेघर. मला घर मिळायचं तर त्यांच्या छातीत दगड हवा. अशा वेळी देवाला तरी काय तोंड दाखवायचं; त्यालाही वाटणार की हा मेला सगळ्यांकडे काही ना काही मागतच असतो.

सोमवारी सकाळी रंगाचे डबे कपडेघराच्या दारात येऊन पडले होते. सासूबाई त्यांना वळसा घालून आत गेल्या, ढिगातला एक बॉयलर सूट काखेत मारला आणि साहेबांच्या खोलीकडे निघाल्या. सूट कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही. बहुधा बॅग नेतात तसा, हात रिकामे नकोत म्हणून. मागे क्रशरवाले, त्यांच्या मागे मुकादम पाइपशिवाय, आणि सगळ्यात मागे मी. लोक मला पुढे जाऊ देत नव्हते.

साहेब खुर्चीत होते. सासूबाई टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, मला बाटली द्या. जावयाला घराबाहेर काढायचंय."

दारातले लोक खूश झाले. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. मला बाहेर काढायचं हे त्यांनाही हवंच होतं, पण बाटलीतून नको होतं. ते म्हणाले, काकू, एवढ्यासाठी बाटली कशाला, मी त्याला नोकरीवरूनच काढतो.

इथे ते चुकले. सासूबाईंना आयुष्यात कुणी काही फुकट दिलं नव्हतं, आणि त्यामुळे फुकटची वस्तू त्या उलटीपालटी करून बघायच्या. त्यांनी विचारलं की इतकी मेहरबानी कशाबद्दल. साहेब म्हणाले, मेहरबानी नव्हे, तुमच्याबद्दल आदर. सासूबाई म्हणाल्या, आदर असू दे, बाटली द्या, हक्क आहे म्हणे. साहेब म्हणाले, हक्क आहे पण गरज नाही. मग त्यांनी रेष सांगितली, नकाशा सांगितला, कपडेघर किती स्वच्छ आहे ते सांगितलं. इतकं कौतुक झालं की सासूबाईंचे डोळे बारीक होत गेले.

"माझी खोली स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या.

"अगदी."

"तिथल्या कपड्यांतून काही उडत नाही."

"काहीच नाही."

सासूबाईंनी काखेतला सूट काढला, उलगडला, खांद्यांना धरला आणि हात वर केले.

त्यांनी झटकला नाही. नुसते हात वर गेले होते. पण तेवढ्यात साहेबांची खुर्ची भिंतीवर आदळली होती, रुमाल नाकावर होता, आणि साहेब खुर्चीच्या मागे गेले होते. एक हात पुढे करून ते रुमालातून ओरडले, "नको. इथे नको."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं कुणीतरी हसेल. मुकादम साहेबांकडे बघत होता, मग त्याने आपल्या हातांकडे पाहिलं, मग काकूंकडे. सासूबाई तशाच उभ्या होत्या, हात वर. इतकी वर्षं रोज त्या जे करत आल्या होत्या, ते बघून एक शिकलेला माणूस खुर्चीमागे लपला होता. त्यांनी हात अगदी हळू खाली आणले. सूट टेबलावर ठेवला आणि त्याची घडी घातली, बाही बाहीवर, कॉलर नीट. न झटकता घातलेली त्यांची घडी मी पहिल्यांदा पाहिली.

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जावईबापू, बाटली."

लोकांनी मला वाट दिली.

बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली, अंघोळीनंतरची, झाकण घट्ट, बाहेरून पुसलेली. त्यांनी ती माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. कपडेघर रंगवायला आलेली माणसं त्या दिवशीही काही रंगवू शकली नाहीत, कारण डब्यांवर मुकादम बसला होता आणि त्याला उठवेल असा माणूस कारखान्यात नाही. उत्तर यायला काही दिवस लागणार होते. मी सामान बांधून ठेवलं होतं. बायकोने ते दोनदा सोडलं आणि एकदा स्वतःच बांधलं.

उत्तर आलं. क्रशरवरच्या कुणाही माणसापेक्षा जास्त. मर्यादेच्या बरंच वर.

मी ते स्वयंपाकघरात उभा राहून वाचलं. मला घर मिळालं होतं. सासूबाईंनी गॅस बारीक केला आणि म्हणाल्या, जिंकलात, आता तोंड असं करू नका. त्या दिवसापासून त्या कपडेघरात गेल्या नाहीत. माझ्यावरचा राग मात्र तसूभर कमी झाला नाही. उलट त्याला आता कारण मिळालं होतं.

छातीच्या मोजणीला दुसऱ्या शहरात जावं लागतं. तिथे पोलादाची एक खोली आहे. भिंती हातभर जाड, दार तिजोरीसारखं. जगातल्या साध्या लोखंडातही हल्ली किरणं असतात, म्हणून ही खोली जुन्या काळी बुडालेल्या जहाजाच्या पोलादाची केली आहे, असं तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी कौतुकाने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, बुडालेलंच मिळालं का. त्यांना अंघोळ करायला लावली, कागदी झगा दिला आणि आत पाठीवर झोपवलं. छातीवर यंत्र आलं. दार बंद झालं. बोलायचं नाही, हलायचं नाही, शांत श्वास घ्यायचा. आम्हाला बाहेरून माइकमधून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. पडद्यावर एकेक ठिपका चढत होता. ठिपका म्हणजे आत बसलेल्या धुळीचा एक कण, बोललेला. बायको माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा दंड धरला होता, पण असा की सुटल्यावर वळ दिसावा.

डॉक्टरांना आधीच विचारलं होतं, पुढे काय. ते म्हणाले, धुळीपासून लांब ठेवा, दर काही महिन्यांनी मोजू, लक्ष ठेवू. नक्की काय होईल ते सांगत नाहीत. सांगता येत नाही म्हणून सांगत नाहीत.

ठिपके चढत होते. आणि माइकमधून आवाज आला.

"जावईबापू आहेत का तिथे?"

तंत्रज्ञ बाईंनी बटण दाबून सांगितलं की बोलू नका, छाती हलते. सासूबाईंनी ते ऐकलं असावं, कारण त्या जरा मोठ्याने बोलल्या.

"माझ्या आधी त्या खोलीत माझी नणंद होती. झटकायला तिनेच शिकवलं मला. माझ्याहून जास्त वर्षं होती तिथे."

मी बटण दाबून विचारलं की त्या कुठे असतात. सासूबाईंनी गाव सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही त्यांना फोन करून सांगा ना.

"मी तिच्याशी बोलत नाही. वीस वर्षं झाली. तुम्ही जा. बाटली घेऊन जा, आणि ती दारातून हाकलेल, तरी तिथेच उभे राहा. तुम्हाला सवय आहे."

तंत्रज्ञ बाईंनी हात कपाळाला लावला. माझ्या हातून माइक काढून घेत त्या म्हणाल्या, काकू, सगळं फुकट गेलं, आता मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.

"करा पहिल्यापासून," आतून उत्तर आलं. "तोवर हे जाऊन येतील."